रोबोटिक्स किट घेण्याआधी रद्दी जमवा: दोन शनिवारांत मुलांच्या टीमना इंजिनीअरिंग कसं दाखवायचं

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की नवी मुंबईत घणसोलीतली मराठी माध्यमाची शाळा, सातवी-आठवीची मिळून ४५ मुलं, दोन शनिवार मोकळे मिळालेत, एक ट्रस्ट ३० हजार रुपये द्यायला तयार आहे आणि एक किटवाला म्हणतोय की एवढ्यात पाच रोबोटिक्स किट देतो, वर एका दिवसाचं वर्कशॉपही घेतो. तर हे घ्यावं का, आणि नाही घ्यायचं तर दोन शनिवारांत मुलांकडून नक्की करून काय घ्यायचं. मी रबाळे एमआयडीसीत टूलरूममध्ये (कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं बनतात तिथे) बरीच वर्षं काढली आणि नंतर ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या शाळांमध्ये मुलांबरोबर हेच काम करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठं होईल, पण वेळ काढून वाचा.

किटचं आधी. आत्ता घेऊ नका. ४५ मुलांना पाच किट म्हणजे एका किटवर नऊ जण, त्यातले दोघं स्क्रू पिळणार आणि बाकीचे सात जण खांद्यावरून डोकावणार. आणि त्या किटमधे सगळं आधीच कापलेलं, भोकं पाडलेलं असतं, पत्रकात एक ते बारा पायऱ्या असतात, शेवटी पाचही गाड्या एकसारख्या दिसतात. गाडी चालली तर टाळ्या, नाही चालली तर सर येऊन वायर बदलतात आणि गाडी चालते. का चालत नव्हती हे त्या मुलाला कळायच्या आत ती चालायला लागलेली असते, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं जे त्याच्या हातातून काढून घेतलं गेलं.

मला या सगळ्या उत्तरात एकच गोष्ट ठासून सांगायचीय ती आधीच सांगून टाकतो. मुलांना दुसऱ्यांदा बांधायला वेळ द्या. पहिल्यांदा जे बांधतात तो अंदाज असतो, हौस असते. ते मोडतं, कुठे मोडलं ते बघितलं जातं, त्यावर टीममधे वाद होतो आणि मग जे दुसऱ्यांदा बांधतात, इंजिनीअरिंग तिथून चालू होतं. बहुतेक वर्कशॉप बरोब्बर त्याच्या आधी संपतात, कारण बक्षीस समारंभ असतो, पाहुणे आलेले असतात. तुम्ही दोन शनिवारांत चार अॅक्टिव्हिटी कोंबू नका, दोनच घ्या पण प्रत्येक दोनदा करून घ्या.

टीमचं गणित: ४५ मुलांच्या ११ टीम, दहा टीम चारच्या आणि एक पाचची. चारपेक्षा जास्त झाले की कुणीतरी नुसता उभा राहतोच. मित्र-मित्र एकत्र बसू देऊ नका, चिठ्ठ्या काढा. आणि आता जे सांगतो ते मला फार मनापासून वाटतं. मुली आणि मुलं मिसळलेल्या टीममधे लक्ष दिलं नाही तर दहा मिनिटांत मुलींकडे वही आणि स्केचपेन जातं आणि कात्री, टेप, हातोडी मुलांकडे. कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं, आणि शिक्षकांनाही "अक्षर चांगलंय तिचं, तीच लिहू दे" असं वाटतं. त्यासाठी काम वाटून द्या आणि दर वीस मिनिटांनी शिट्टी मारून फिरवा: दोघं बांधणारे, एक जण मोजणारा आणि मटेरियल सांभाळणारा, एक जण लिहिणारा. शिट्टी वाजली की हातातलं अर्धवट सोडून जागा बदलायचीच. सुरुवातीला कुरकुर होते, पण अर्धवट काम दुसऱ्याला समजावून देणं हेही शिकायलाच लागतं, आमच्याकडे शिफ्ट बदलताना रोज तेच करावं लागायचं. ठाण्यातल्या मुलांना दहीहंडी माहीत असते, त्यांना मी एवढंच सांगतो की खालच्या थरात उभा राहणाऱ्यालाही वर काय चाललंय ते माहीत असावं लागतं.

आता पहिला शनिवार: रद्दीचा पूल. दोन बेंचमधे ६० सेंटिमीटर अंतर, त्यावर पूल. प्रत्येक टीमला पेपरचे आठ मोठे जोडकागद, एक मीटर मास्किंग टेप आणि थोडा सुतळीचा तुकडा, बस. जास्त मागितलं तरी द्यायचं नाही. मटेरियल कमी असलं की मुलं विचार करतात, ढिगाने दिलं की नुसतं चिकटवत सुटतात.

पण पूल बांधायच्या आधी वीस मिनिटं काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा (बारीक रबरी नळीचा) खेळ घ्या. हा अरविंद गुप्तांचा, ज्यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंमधून खेळणी केली, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा आणि दाबा, लगेच तिरका होऊन चपटा. मग त्या चौकोनात एक तिरकी काडी टाका, परत दाबा. एवढ्याने मुलांच्या हाताला जे कळतं ते फळ्यावर तासभर सांगून कळत नाही. यानंतर तुम्ही काहीच सांगायचं नाही, पूल कसा असावा हे तर अजिबात नाही.

एक सूचना मात्र द्या, नळी कशी करायची ती. कागद कोपऱ्यापासून तिरका गुंडाळत न्यायचा, आत अगरबत्तीची काडी किंवा बारीक सळई ठेवून, घट्ट. सैल गुंडाळलेली नळी आणि घट्ट गुंडाळलेली नळी यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कागद तोच, वजन तेच. सैल नळी दाबली की आधी बाक येतो आणि मग एका जागी चटकन घडी पडते, आणि एकदा घडी पडली की ती नळी गेली. एवढं दाखवायचं आणि बाजूला व्हायचं.

टेस्टला वजनकाटा लागत नाही. पुलाच्या बरोब्बर मधोमध नाड्याने छोटी बादली टांगायची आणि अर्ध्या लिटरच्या मापाने पाणी ओतत जायचं, अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, हिशोब तोंडी. खाली गोणपाट टाका आणि बादली जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा, म्हणजे पडली तरी कुणाच्या पायावर जात नाही. प्रत्येक माप ओतल्यावर दहा आकडे मोजायचे. नीट गुंडाळलेल्या नळ्यांचे पूल पाच किलोच्या पुढे जातात, नुसत्या घड्या घालून ठेवलेले एक-दीड किलोत बसतात. आणि टेस्ट एकाच ठिकाणी, एका वेळी एकच टीम, बाकी सगळ्यांनी बघायचं. ११ टीमना चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात, वेळ वाया जातोय असं वाटेल, दोन ठिकाणी लावून उरकून टाकावंसं वाटेल, तसं करू नका. दुसऱ्याचा पूल मोडताना बघणं हा त्या दिवसाचा सगळ्यात चांगला तास असतो. एका मुलाला तरी मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा, मग मोडल्यावर भांडण नको, व्हिडिओ बघायचा. आधी टेप सुटला का, नळीला घडी पडली का, का पूल बेंचवरून घसरला? तिन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत.

मग पंधरा मिनिटं टीमने बसून एकच वाक्य लिहायचं: "आमचा पूल अमुक ठिकाणी गेला, म्हणून आम्ही तमुक बदलणार." एकच बदल. पाच बदल एकदम केले आणि पूल सुधारला तर कशाने सुधारला ते कळत नाही, कारखान्यात आम्ही याच्यापायी अख्खी बॅच रिजेक्ट होताना बघितलीय. मग परत तेवढंच मटेरियल, तेवढाच वेळ, तेच अंतर. अंतर वाढवून अवघड करायचा मोह होईल पण अट बदलली तर तुलना राहत नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यात जास्त वजन घेणाऱ्याला देऊ नका, पहिल्या पुलापेक्षा दुसऱ्यात सगळ्यात जास्त सुधारणा ज्यांची झाली त्यांना द्या. मला तर वाटतं की पहिल्या वेळी अर्ध्या किलोत कोसळलेली टीम दुसऱ्या वेळी चार किलो पेलते तेव्हा त्यांचा जो आवाज येतो ना, तोच ऐकायला मी शाळांमधे जातो.

शेवटची दहा मिनिटं आपल्या इथल्या पुलांची. मुलं रोज बघतात पण बघत नाहीत. वाशीच्या खाडीवरचा पहिला रस्त्याचा पूल १९७३ चा, दुसरा १९९७ चा, आणि २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, जवळजवळ २२ किलोमीटर. अटल सेतूवर काही ठिकाणी दोन खांबांमधलं अंतर १८० मीटरपर्यंत आहे, तिथे काँक्रीटचा नाही, स्टीलचा डेक (रस्ता पेलणारा वरचा भाग) टाकलाय. त्यांना विचारा, तुमचा पूल ६० सेंटिमीटरचा, हा त्याच्या ३०० पट, मग सगळीकडे खांब जवळजवळ का नाही टाकले? खालून बोटी जातात इथपर्यंत मुलं स्वतः येतात. मग काँक्रीट का नाही हा प्रश्न विचारा आणि उत्तर सांगू नका, दोन-तीन जण सोमवारी शोधून आणतात. पूल स्वतःचंच वजन पेलण्यात किती ताकद घालवतो, विचार तिकडे वळला की पुरे.

दुसरा शनिवार. यासाठी मी जे सुचवतोय ते तुम्हाला नेटवर तयार मिळणार नाही कारण ते आपल्या नवी मुंबईचंच आहे. होल्डिंग पॉन्ड आणि फ्लॅप गेट, म्हणजे पाणी साठवायचे तलाव आणि त्यांच्या आपोआप उघडमिट होणाऱ्या झडपा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर, भराव टाकून उभा राहिलाय. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाल्यातून उलटं शहरात येऊ नये म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने नोडच्या (वाशी, नेरुळसारख्या एकेका वसाहतीच्या) कडेला मोठे तलाव केले, वाशीला मिनी सीशोरला फिरायला जातो तिथे दिसतो ना पाण्याचा साठा, त्यातलाच. या तलावाच्या तोंडाशी झडपा असतात, वरच्या बाजूला बिजागरी आणि खाडीच्या दिशेने उघडणाऱ्या. भरती आली, खाडीची पातळी वर गेली की पाण्याचाच दाब झडपेला भिंतीवर दाबून धरतो, बंद. तेवढ्या वेळात शहरात पडलेला पाऊस तलावात जमतो. ओहोटी लागली, खाडी खाली गेली की आतलं पाणी झडपेला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज, ना कुणी माणूस उभा. इतकी साधी आणि इतकी हुशार गोष्ट आपल्या मुलांच्या घरापासून दोन-चार स्टेशनांवर आहे आणि त्यांना कुणी कधी दाखवलेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मॉडेल असं. लांबट प्लास्टिकचा टब, मधोमध सनबोर्डची (कडक फोमच्या शीटची) आडवी भिंत, कडा तेलकट क्लेने बंद. भिंतीत खालच्या बाजूला तीन बाय चार सेंटिमीटरची खिडकी, हे कापायचं काम मोठ्या माणसाने कटरने आधीच करून ठेवायचं. एक बाजू खाडी, दुसरी तलाव. टीमने करायची ती फक्त झडप. मटेरियल: प्लास्टिक फाइलचं कव्हर, सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर, टेप, दोरा, दोन-तीन वॉशर.

इथे गंमत अशी होते की बहुतेक टीम फाइलच्या कव्हरची झडप लावतात आणि ती पाण्यात तरंगून वर येते, उघडीच राहते, कारण ते प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं. मग कुणीतरी खाली वॉशर चिकटवतं, झडप बसते. मग अजून दोन वॉशर लावतात, आता झडप इतकी जड की ओहोटीला उघडतच नाही. कडेने गळतंय म्हणून ट्यूबचं रबर लावतात तर बिजागरी कडक होते. मुद्दाम असं ठेवलंय हे, कारण दोन टेस्ट आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पहिली: खाडीच्या बाजूला पाच सेंटिमीटर जास्त पाणी भरायचं, पाच मिनिटांत तलावात किती गळलं ते मोजायचं. दुसरी: तलावात एक लिटर जास्तीचं पाणी, खाडी रिकामी, किती सेकंदांत बाहेर गेलं ते मोजायचं. गळती कमी करायला गेलं की निचरा मंदावतो, निचरा वाढवला की गळती वाढते. कुठे थांबायचं हे टीमनेच ठरवायचं आणि का ते सांगायचं. हे ठरवणं पुस्तकात कुठे येतं? आठवीच्या मुलाला एकदा हे स्वतः ठरवायला मिळालं की इंजिनीअर दिवसभर काय करतो हे त्याला समजतं.

दुसरा राउंड झाला की प्रत्येक झडपेत वेफर्सच्या पाकिटाचा एक तुकडा अडकवा आणि गळती परत मोजा. आकडा बघून मुलं गप्प होतात, नाल्यात कचरा टाकू नका असं वेगळं सांगावं लागत नाही. खऱ्या तलावांमधे गाळ साचतो, कांदळवन वाढतं, ते सहजासहजी कापता येत नाही कारण त्याला कायद्याचं संरक्षण आहे, मग तलावाची साठवण कमी होते. हाही प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा, यावर मोठ्यांचंही एकमत नाही आणि हे मुलांना कळलेलं चांगलं.

गणिताच्या सरांना पण यात ओढा. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? १० हजार चौरस मीटर गुणिले ०.१ मीटर, म्हणजे १००० घनमीटर, १० लाख लिटर, १० हजार लिटरवाले १०० टँकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तो हिशोब मुलांना करू द्या. आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर जातात, तेवढा वेळ झडप बंद किंवा अर्धवट, मग तलाव केवढा लागेल? आकडे मोठे होतात पण मुलं घाबरत नाहीत कारण टबात पाणी समोर दिसत असतं.

सिरिंजचा जेसीबी (नळीने जोडलेल्या दोन सिरिंजच्या दाबाने हलणारं मॉडेल) सगळेच करतात, तुम्हालाही कुणीतरी सुचवेलच, पुढे तिसरा शनिवार मिळाला तर जरूर घ्या. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंना वेगळ्या मापाच्या सिरिंज द्या, एकीकडे २० मिलि आणि दुसरीकडे ५ मिलि, म्हणजे छोटीवर जोर लावला तर मोठी जास्त जोराने पण कमी सरकते हे हाताला कळतं, आणि आधी हवेवर चालवून बघायला सांगा, मग पाण्यावर. हवा दबते, पाणी दबत नाही, म्हणून जेसीबीत तेल असतं. सिरिंज जोडणाऱ्या सलाईनच्या नळीत बुडबुडा राहिला तर जेसीबीचा हात थरथरतो, तो काढण्यातच अर्धा तास जातो, जाऊ दे. सिरिंज मेडिकलमधून नव्या आणायच्या, सुई अर्थातच नको, वापरलेल्या कुठूनही घ्यायच्या नाहीत.

यापेक्षा मला जास्त आवडते ती खोलून बघायची अॅक्टिव्हिटी. भंगारवाल्याकडून जुना प्रिंटर, बिघडलेला मिक्सर, टेबल फॅन, कीबोर्ड आणा. प्रिंटर सगळ्यात भारी, त्यात मोटर, गिअर, स्टीलचा गोल रॉड, स्प्रिंग सगळं सापडतं. टीमने खोलायचं, प्रत्येक भाग काढल्याच्या क्रमाने पेपरवर मांडायचा, स्केच काढायचं आणि परत जोडायचं. आधी प्लग कापून टाका, वायरसकट. जुना ट्यूबवाला टीव्ही, मायक्रोवेव्ह, यूपीएस, सीएफएल हे मात्र शाळेत आणायचंच नाही, पहिल्या दोन्हीत प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमधे जीवघेणा विजेचा चार्ज साठलेला राहू शकतो, यूपीएसच्या बॅटरीत अॅसिड असतं आणि सीएफएल फुटली तर पारा.

आणि एक टूलरूममधली: ड्रॉइंगची देवाणघेवाण. एका टीमने पुठ्ठा आणि काड्यांची छोटी वस्तू बनवायची, तिचं ड्रॉइंग काढायचं, मापं मिलिमीटरमधे, आणि फक्त ते ड्रॉइंग दुसऱ्या वर्गात बसलेल्या टीमला द्यायचं. बोलायचं नाही. दुसऱ्या टीमने बनवलेली वस्तू मूळ वस्तूशेजारी ठेवली की कुठलं माप द्यायचं राहिलं ते लगेच दिसतं. दोष बनवणाऱ्याचा की ड्रॉइंग काढणाऱ्याचा यावर जो वाद होतो तो आमच्या एमआयडीसीत आजही रोज होतो. याला खर्च शून्य, आणि पावसाळ्यात ग्राउंड बंद असताना तर उत्तम. पुठ्ठ्यासाठी तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटला एक चक्कर मारा, फळांचे रिकामे खोके मिळतात, सफरचंदाच्या खोक्याचा पुठ्ठा जाड आणि मजबूत असतो. थर्माकोल आणू नका, कापताना सगळीकडे उडतो, ताकद काही नाही आणि नंतर कचऱ्यातच जातो.

इलेक्ट्रॉनिक्स करायचंच असं मुलं म्हणणार, म्हणू देत, पण आर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डच्या) आधी टाकी भरली की वाजणारा बझर करून घ्या. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (स्विचसारखा वापरायचा), एक रेझिस्टर (करंट आटोक्यात ठेवणारा), बझर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि पाण्यात सोडलेल्या दोन वायरी. पाणी वायरींना टेकलं की थोडासा करंट ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायाला जातो आणि बझर वाजतो. प्रत्येक मुलाच्या बिल्डिंगमधे नाहीतर चाळीत टाकी वाहून जाताना त्याने बघितलेली असते, त्यामुळे हे घरी दाखवायला नेतात. इथे ती चौकोनी बॅटरी चालते कारण बझरला करंट फार कमी लागतो. तीच बॅटरी गाडीच्या मोटरला लावली की दहा-पंधरा मिनिटांत गाडी मरते आणि सगळे कोडमधे चूक शोधत बसतात. किटवाले हीच बॅटरी देतात, म्हणून सांगतोय. मोटरसाठी पेन्सिल सेल चार, होल्डरमधे. लिथियमचे सेल या वयाला नको, शॉर्ट झाले तर पेट घेतात. आणि एलईडी पाच व्होल्टला लावताना २२० ओहमचा रेझिस्टर लावायला शिकवा, पण एक एलईडी मुद्दाम रेझिस्टरशिवाय तुम्ही स्वतः, मुलांना लांब उभं करून, चष्मा घालून जाळून दाखवा, दोन रुपयांत धडा होतो.

प्रोग्रामिंगसाठी लगेच बोर्ड घेण्यापेक्षा जवळच्या कुठल्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे ते शोधा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीसाठी या लॅब दिल्या जातात, एका शाळेला एकूण २० लाखांपर्यंत अनुदान असतं. तिथे थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, बोर्ड पडलेले असतात आणि कित्येक ठिकाणी वापरणारी मुलं कमी. मुख्याध्यापकांनी मुख्याध्यापकांना एक पत्र लिहिलं तर एखादा दिवस मिळू शकतो. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, घणसोलीहून वाशी आणि पुढे मानखुर्द, लांब नाही. तिथल्या संशोधकांनी याच वयाच्या मुलांबरोबर पिशवी, पवनचक्कीचं मॉडेल, बाहुली अशा गोष्टी डिझाइन करून, आधी ड्रॉइंग आणि मग वस्तू अशा क्रमाने बनवून घेतल्यात. त्यांचं काम नक्की वाचा.

पालकांचं राहिलं, आणि मला यावर खरंतर वेगळंच लिहायला पाहिजे. तुमच्या मुलांचे वडील रबाळे-महापेला फिटर, वेल्डर, मशीन ऑपरेटर असतील, कुणी प्लंबर, कुणाची आई कपडे शिवत असेल. ही सगळी मापं घेऊन, कापून, जोडून पोट भरणारी माणसं आहेत आणि शाळेत त्यांना फक्त मार्कशीटवर सही करायला बोलावतात. एका शनिवारी चार-पाच पालकांना बोलवा, भाषण द्यायला नको, टीमच्या शेजारी उभं राहायला. शिवणकाम करणाऱ्या आईने सपाट कापडातून गोल खांदा कसा बसवायचा हे दाखवलं तर ते शीट मेटलच्या कामापेक्षा कमी नाही. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काम करायला मिळावं असं म्हटलेलंच आहे, तुम्हाला वरून परवानगी लागली तर त्याचा आधार घ्या. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच धरून ठेवलं, हाताने खरं काम करत शिकायचं आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असायचं. तुमच्याही मुलांनी पुढे-मागे शाळेतलीच एक अडचण धरावी, गळणारा नळ किती लिटर घालवतो ते मोजून वॉशर बदलणं असो की पावसात ओल्या छत्र्या ठेवायचा स्टँड असो.

३० हजारांचं असं करा. ११ चांगल्या कात्र्या, ११ स्टीलच्या पट्ट्या, ११ टब, मेजरिंग जग, चार-पाच पेचकस सेट, दोन पकडी, दोनशे-अडीचशेवाले पाच मल्टीमीटर (व्होल्टेज-करंट मोजायला), दोन ग्लू गन. ग्लू गन एकाच टेबलावर, शेजारी मोठं माणूस आणि पाण्याची बादली, कारण चटका बसतोच आणि तो गोंद कातडीला चिकटून राहतो. मास्किंग टेप भरपूर. सेफ्टी गॉगल पण घ्या, काड्या मोडताना उडतात. हे सगळं एका लोखंडी पेटीत कुलूप लावून, पण किल्ली तुमच्याकडेच ठेवा, ऑफिसात गेली की पेटी उघडत नाही. यात साधारण निम्मे पैसे जातील, बाकीचे हातात ठेवा आणि ट्रस्टला तसं स्पष्ट सांगा, कारण दोन शनिवारांनंतर मुलंच सांगतील पुढे काय पाहिजे ते. तेव्हा त्यांनी मोटर मागितल्या तर सुटे भाग घ्या, बंद किट नको.

रद्दी जमवायला मुलांना आजच सांगा. दोन राउंडला १७६ जोडकागद लागतात, वर सरावाला थोडे, आणि हल्ली बऱ्याच घरी पेपर येत नाही. पहिल्या शनिवारनंतर मोडलेले पूल फेकू नका, प्रत्येकावर टीमचं नाव, वजन आणि कुठे मोडला ते लिहून वर्गात मागच्या भिंतीला टांगा, पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथून सुरुवात करता येईल. काही अडलं तर विचारा, फ्लॅप गेटच्या भिंतीचं माप पाहिजे असेल तर स्केच काढून देतो.